अकरा बायांची फाईल

— तर लॅपटॉपची नवी स्क्रीन बसली, मॅडम, पण चार्जिंगला अर्धा तास लागंल. बसा. तुमी बी गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायांवरच लिवताय, असं म्हणलात ना काल? मग ऐकाच. दोन वर्साखाली वर्षाराणी मॅडम आलत्या, पीएचडीच्याच. लई टापटीप — रोजच्या फाईलीला तारीख, एक कॉपी पेनड्राईव्हवर, एक ऑनलाईन. मला म्हणायच्या, अजिनाथभाऊ, लॅपटॉप जळाला तरी माझं काम जळणार न्हाई. खरं होतं. त्यांना जळायचीच भीती — कुणी वाचंल, ही न्हाई. पासवर्ड न्हाई, अन् एक्सेलमधी नावं जशीच्या तशी. गाव, नवरा, मुकादम, कुणाच्या सांगण्यावरून पिशवी काढली — सगळं. नावाजागी नंबर, अन् कोणता नंबर कुणाचा ते वेगळ्या वहीत, घरी कुलपात — हे त्या नंतर करायला लागल्या. नंतर करून काय?

यादी धुळाजी मुकादमाकडं गेली. कशी गेली? गेली कशी बी. त्या साली अकरा बायांना कुठल्याच टोळीत घेतलं न्हाई. छबुबाईला नवऱ्यानं माहेरी नेऊन सोडली ती सोडलीच, घरचं घरात का ठेवलं न्हाई म्हणून. मग मॅडम इथं आल्या. विचारलं, भाऊ, फाईल कुणी उघडली? मी म्हणलं, व्हायरस असंल. म्हणल्या, व्हायरस प्रिंट काढतो का? — लॅपटॉप माझ्याकडं कीबोर्ड साफ करायला दिलता त्यांनी. नुसता कीबोर्ड.

आता बघा, हा गाळा धुळाजीचा हाय. तो म्हणला, काय लिवतीय बघू तरी. मला वाटलं, बघंल अन् सोडून देईल — न्हाई, तसं बी वाटलं नव्हतं. कशाला खोटं बोलू.

तुमचं काही उघडलं न्हाई. काल मी पासवर्ड मागितला, तुमी दिला न्हाई — बरं केलं. स्क्रीन बदलायला पासवर्ड लागतच न्हाई. त्यानंच मागायला लावलता. समोर हाटेलात बसलाय — मान वळवू नका. राहू द्या चार्जिंग, घाला पिशवीत.

अन् उद्या कोणत्या गावाला, कुणाच्या घरी जाणार, ते — न्हाई, बोलू नका. तो आता येऊन विचारणार, अन् मी सांगणारा माणूस हाय, मॅडम. निघा.