उतारावरचा सीन

नूतन : ...म्हणजे तुम्ही एकदाही हसला नाहीत, आत्याबाई? अख्खं थेटर खिदळत होतं.

धुरपदाबाई : हसू कसाले? एक जाड्या हेडमास्तर, एक चिपाड खिसेकापू. लोकाच्या पोरीचं कपाट टेम्पोत टाकलं आणि निघाले नागपूरले. एक कपाट पोचवायला इतका आरडाओरडा?

नूतन : त्यांचं एकमेकांशी पटत नाही ना, तीच गंमत आहे.

धुरपदाबाई : पटत नाही तर एका गाडीत बसले कसाले? तुझं-माझं पटत नाही, पण आपल्याला दुसरी खोली नाही. त्यांना तर एवढा रस्ता मोकळा शे.

मागचा माणूस : मावशी, खरी मजा इंटरवलनंतर आहे. मी तिसऱ्यांदा आलोय. तो उतारावरचा सीन बघा फक्त. पोट दुखेल हसून.

धुरपदाबाई : मना पोऱ्यानं चार वेळा पाहिला.

मागचा माणूस : बघा! पैसा वसूल पिच्चर आहे. तो नाही आला का बरोबर?

धुरपदाबाई : येईल. आजच येणार शे.

नूतन : आत्याबाई, पुढं बघा. अनोळखी माणसाशी काय बोलत बसता.

धुरपदाबाई : खोटं बोलले का? पंडितच्या ट्रकवर गेला. पॉवरच्या सुट्टीला, कारखान्याची लाइट बंद असते त्या दिवशी, परत येतो म्हणाला. आज सुट्टी शे. ट्रक उधन्यात लागला की तो आधी इथंच येईल, लिहून घे माझ्याकडून. त्याला हा पिच्चर लागला शे, दारू लागते तसा.

नूतन : आठ दिवसांनी आलेला माणूस आधी घरी येईल का थेटरात?

धुरपदाबाई : मग तू कसाले आलीस?

नूतन : तुम्हाला एकटीला सोडायचं होतं का? आणि... बघायचं होतं एकदा. चार वेळा बघण्यासारखं काय आहे ते.

धुरपदाबाई : सापडलं?

नूतन : नाही. उद्या सकाळी ते मागावर उभे राहिले म्हणजे झालं. नाहीतर कारखान्याचा मास्तर यांचे चारही माग त्या बदलीवाल्याला देणार आहे, कायमचे. आणि माग गेले की खोली गेली. खोली शेठचीच आहे.

धुरपदाबाई : त्या मागांनीच तर कान खाल्ले त्याचे.

नूतन : हळू बोला!

धुरपदाबाई : किती हळू? घरात ओरडायचं आणि बाहेर हळू बोलायचं. मना तर गळाच बसला.

नूतन : मास्तरला कळलं की यांना ऐकू येत नाही, तर उद्याची वाटसुद्धा नाही बघणार तो. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो. तो ज्याला कळत नाही त्याला कोण उभं करतं?

धुरपदाबाई : पंडितले तरी सांगायचं होतं. जिवाचा दोस्त शे.

नूतन : पंडितभाऊंच्या पोटात काही राहतं का? सकाळी सांगितलं की दुपारी नवागामभर. वर्ष झालं, कुणाला कळलं नाही. कारखान्यात त्या खडखडाटात सगळेच ओठ बघून, हात हलवून बोलतात. त्यात यांचं खपून गेलं. मान हलवतात, हो हो करतात.

धुरपदाबाई : मान हलवून किती दिवस निघतील?

नूतन : म्हणूनच तर ट्रकवर गेले ना. क्लीनरचं काम जमतंय का बघतो म्हणाले. जमलं तर माग सोडता येईल, तेही आपणहून.

(इंटरवल संपला, दिवे गेले. नूतनला आल्यापासून एकच गोष्ट छळत होती : ज्याला ऐकू येत नाही त्यानं चार-चार वेळा इथं येऊन करावं तरी काय? आणि मग पडद्यावर जाड्या धपकन चिखलात बसला, शिट्ट्या झाल्या, आरोळ्या उठल्या, पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत, आणि तिला वाटलं की बरोबर आहे. इथं कोणीच ऐकत नाही. इथं तिचा नवरा चारचौघांसारखा होता.)

मागचा माणूस : आला, आला! हाच तो सीन!

धुरपदाबाई : काय झालं? काय म्हणतो तो जाड्या?

नूतन : टेम्पो चढावर बंद पडलाय. बारक्यानं चाकामागं दगड लावलाय. जाड्या म्हणतोय, दगड काढू नको, ब्रेक लागत नाही.

धुरपदाबाई : मग?

नूतन : मग... तो बारक्या बहिऱ्याचं सोंग करतोय. कानाला हात लावून, 'काय मास्तर? काय म्हणता?' आणि हसतोय.

मागचा माणूस : आता बघा, आता बघा, काढला दगड! टेम्पो मागं मागं... बारक्या पळाला... आणि हा घुसला कडब्याच्या गंजीत! कपाटावर कोंबडी बघा, कोंबडी! अरे देवा!

नूतन : यात हसण्यासारखं काय आहे, मला तर...

धुरपदाबाई : नूतन. तो बघ.

नूतन : बघतेय की.

धुरपदाबाई : पडद्यावर नही. इकडं, भिंतीकडं. पंख्याखाली.

नूतन : तुम्ही पिच्चर सोडून लोकांकडं काय बघताय?

धुरपदाबाई : मी पिच्चर बघायला आले का? मी सुरुवातीपासून तोंडंच बघतेय एकेकाची. पडदा उजळला की दिसतात.

नूतन : कोण आहे? हे आहेत का?

धुरपदाबाई : पंडित शे.

नूतन : आणि शेजारी?

धुरपदाबाई : शेजारची खुर्ची रिकामी शे.

नूतन : नीट बघा ना. पाण्याला गेले असतील. मागं उभे असतील.

धुरपदाबाई : पंडित! ए पंडित!

मागचा माणूस : ओ मावशी, खाली बसा! एवढा भारी सीन चाललाय!

धुरपदाबाई : पंडित! मना भूपेंद्र कुठं शे?

*

पंडित : इकडं या वहिनी, सायकल स्टँडकडं, सावलीत या. मावशी, पाणी पिता का? सोडा आणू? पिच्चर पाहिला ना तुम्ही? कसा वाटला? मला विचाराल तर एकदम फालतू. तो जाड्या कधी स्टिअरिंगला बसला असेल का जन्मात? चढावर गाडी लावून गिअरमधून काढतो कुणी? आणि वर ते कपाट, बांधलेलं पण नाही. मी सांगतो, बनवणाऱ्यांमध्ये एक पण ड्रायव्हर नसणार. लोक खाली-पिली हसतात...

नूतन : पंडितभाऊ, ते कुठं आहेत?

पंडित : सांगतो ना. सांगतोच आहे.

धुरपदाबाई : ट्रक कुठं लावला?

पंडित : ट्रक तिकडंच आहे, मावशी. पोलिसांकडं. मी दुसऱ्या गाडीनं आलो, पहाटे.

नूतन : पहाटे आलात आणि दुपारी थेटरात बसलात?

पंडित : तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुम्ही नळावर होता, वहिनी. मग परत फिरलो.

धुरपदाबाई : आत बसून हसत होतास तू. खांदे हलत होते तुझे, मी पाहिलं.

पंडित : हसत नव्हतो, मावशी.

नूतन : भाऊ, एवढंच सांगा. जिवंत आहेत का?

पंडित : मावशी, तुम्ही आधी बसा.

धुरपदाबाई : अरे, सगळ्या जन्माचं बोलतोस, आता तोंडात काय झालं तुझ्या? बोल!

पंडित : काल सकाळी. येताना. मागं तुरीची पोती होती, फुल लोड. कोंडाईबारीच्या घाटात, चढावर इंजिन तापलं. थांबवली गाडी. भूप्या उतरला, दगड लावला, पाणी घातलं, सगळं व्यवस्थित. काम छान शिकला होता, मावशी, खोटं नाही सांगत. मग मी वर बसलो. ब्रेक दाबला तर पाय खाली गेला तसाच. मी ओरडलो, 'भूप्या, दगडाला हात लावू नको! बाजूला हो!' आरशात दिसत होता मला. वाकलेला. त्यानं दगडाला हात घातला.

नूतन : पुन्हा ओरडलात?

पंडित : तीनदा. त्यानं वर बघितलं. आरशात माझ्याकडं बघून हसला आणि मान हलवली. मला वाटलं, ह्या पिच्चरचं करतोय.

धुरपदाबाई : पिच्चरचं?

पंडित : रस्ताभर तेच चाललं होतं आमचं. मी काही म्हटलं की हा कानाला हात लावणार, 'काय मास्तर?' मी शिव्या घालायचो, पुन्हा सांगायचो, हा हसायचा. ढाब्यावरची पोरं पण हसायची. जाताना, येताना, रोज. गेल्या सुट्टीला इथं बसून त्यानं तो सीन पाठच केला होता. मी म्हटलं, घे नाटक्या, कर अजून. मी पण हसलो, वहिनी. मी हसत होतो तेव्हा गाडी मागं गेली.

मागचा माणूस : काय मावशी! सांगितलं होतं ना? दुखलं की नाही पोट हसून? शेवट सोडून आलात पण. शेवटी दोघं गळ्यात पडतात, कपाट उघडतं आणि आत...

नूतन : जा हो तुम्ही. जा.

मागचा माणूस : घ्या. चांगलं सांगायला जावं तर...

पंडित : पिच्चरमध्ये मागं गंजी होती, मावशी.

धुरपदाबाई : खाली बसू दे माले. नूतन, हात दे.

पंडित : तिकडच्या सरकारी दवाखान्यात ठेवलाय. घरचं माणूस आल्याशिवाय देत नाहीत. आपल्या गावचा धुडकू जीप घेऊन इथंच येतो म्हणालाय, एवढ्यात. मी पण येतो. मला तसंही हजर व्हायचंय तिथं.

नूतन : थेटरात कशाला गेलात, भाऊ?

पंडित : तो सीन बघायला. तो बारक्या सोंग करताना लोकांकडं बघून डोळा मारतो. भूप्यानं डोळा मारला होता का, तेच मला आठवेना. रात्रभर आठवतोय. म्हटलं पुन्हा बघितला तर आठवेल. नाही आठवलं. वहिनी, तुम्ही त्याला ओळखता. तो मस्करीच करत होता ना?

धुरपदाबाई : सांग त्याले.

नूतन : आत्याबाई, आता कशाला?

धुरपदाबाई : आता कोणाचे माग जायचे शेत? सांग.

नूतन : त्यांना ऐकू येत नव्हतं, भाऊ.

पंडित : आवाज होता ना इंजिनाचा...

नूतन : इंजिनाचा नाही. येतच नव्हतं. वर्ष झालं. एका कानानं थोडं यायचं, दिवाळीपासून तेही गेलं. आम्ही लपवलं. माग जातील म्हणून.

पंडित : माझ्यापासून पण?

नूतन : तुमच्यापासून जास्त.

पंडित : म्हणजे ते 'काय मास्तर'...

नूतन : खरंच विचारत होते.

धुरपदाबाई : तुझं काही चुकलं नही, असं मी म्हणणार नही, पंडित. पण आमचं आधी चुकलं.

पंडित : थांबा, वहिनी. आठ दिवस मी बोलत होतो. दिवसभर, गाडी चालवता चालवता, रस्त्याकडं बघून. माझी बायको माहेराहून का येत नाही, ते मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही. त्याला सांगितलं. रडलो पण. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. त्याला काहीच कळलं नसेल?

धुरपदाबाई : जीप आली वाटतं. उठव माले.

पंडित : वहिनी?

नूतन : तुमच्याबरोबर बसून आले की ते बरे असायचे, भाऊ. मी विचारायचे, तो बडबड्या माणूस तुम्हाला सोसतो कसा? म्हणायचे, पंडित एकटाच असा आहे, तो कधी विचारत नाही, ऐकलंस का म्हणून.