बाभळीवर घातलेली बस

बस झाडावर घातली म्हणून लोक शिव्याच देतील, या धास्तीनं ड्रायव्हर सहादेव श्रीरामपूरच्या दवाखान्यात मोडला हात चादरीखाली घेऊन बसला होता. शेजारी मुक्ताबाई नवऱ्याशी बोलत होती.

"अवं, पाय लई दुखतुय का?"

"खरचटलंय नुसतं. दुष्काळी कामाचा रस्ता, कड खचली. वढ्यातच गेलो असतो."

"मी तर डोळं मिटलं हुतं."

"डायव्हरनं सवताच्या अंगाकडनं बाभळीवर घातली. आपल्या बाजूच्या पत्र्याला वरखडाबी न्हाई."

"त्याच्या पाया पडावं वाटतंय."

"म्या त्याची नुसती पाठच पाहिली."

मुक्ताबाई सहादेवकडं वळली.

"तूबी त्याच गाडीत हुतास का, बाबा?"

"व्हय, आजी."

"मंग तूबी त्याच्यामुळंच वाचलास बघ."

सहादेवनं चादरीनं डोळे पुसले.