धार चढता येत नाही

नाही, नाही, हसा तुम्ही, गेनूभाऊ, हसण्यासारखंच आहे – तीस वर्षं मी लष्करातल्या आणि पोलिसांतल्या अधिकाऱ्यांना नकाशा वाचायला शिकवला, मेजर म्हणू नका, कर्नल म्हणू नका, सगळे माझ्या हाताखालून एम.ए. झाले, आणि आज तुमच्या या पासली गावात येऊन तुम्हाला विचारतोय, वाट कुठं आहे म्हणून! ती समोर? करवंदीच्या जाळीमागं? शेळ्या तिथूनच चढल्या? – बरोबर, शेळ्यांनी माझं पुस्तक वाचलेलं नाही. त्यात या डोंगराबद्दल छापलंय, 'ही धार पायी चढता येत नाही.' कोणी लिहिलं? मीच. कुठं बसून? पुण्यात, खुर्चीत, भिंग घेऊन.

बसतो जरा. गुडघेही माझे पुस्तकीच. – तर शेफाली म्हणून एक विद्यार्थिनी होती, पोलीस खात्यातली, मूळची इकडचीच. परीक्षेत प्रश्न होता, दरड कोसळली तर याच धारेपलीकडच्या वाडीवर मदत कशी पोचवाल? सगळ्यांनी पुस्तकातला लांबचा वळसा लिहिला. हिनं धारेवरून सरळ रेघ मारली अन् खाली लिहिलं, 'माझी आजी रोज इथून शेळ्या नेते.' मी लाल शाईनं शेरा दिला – 'आजी हा ग्राह्य पुरावा नाही.' शून्य. चार गुणांनी नापास झाली, वर्ष गेलं.

आज तीच त्या अभ्यासक्रमाची प्रमुख आहे. आत्ता चाळीस अधिकारी घेऊन येतेय इथं, आणि मला म्हणाली, "सर, दोन शब्द बोला." कोणते दोन? मला एकच सुचतोय, आणि तो तोंडातून निघत नाही. तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल की – नाही का? भोळा वाटतो मी चेहऱ्यावरून. पण – निकाल लावायच्या आधी आलो होतो हो मी इथं. एकटाच, एस्टीनं. एक म्हातारी शेळ्या हाकत त्याच वाटेनं उतरली, मला म्हणाली, "दमला का काय? पानी प्या वाईच." प्यालो. परत गेलो. पेपर माझ्याच टेबलावर होता, लाल पेनही तिथंच. मग? मग काय – पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापायला गेली होती ना!

असं बघू नका. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तुम्ही तर काही विचारलंही नव्हतंत.

ती बघा, गाडी. पुढं शेफालीच आहे. काठी द्या तुमची – बोलायचं मागाहून, आधी तिच्यादेखत ही वाट चढतो. अर्ध्यावर दम लागला की आपोआप खरं बोलेन. नका धरू मला, गेनूभाऊ. व्हा बाजूला.