गोड मिठाची रास

...आणि वर पुन्हा बायको म्हणते, "पूजेतल्या वस्तूला हात लावलात तर बघा!" आता मला सांगा, खंडेनवमीच्या सकाळी माणूस आंघोळ करून बाहेर येतो, बघतो तर काय, त्याची सुरी, त्याचं लाटणं, क्रीम सारवायची पट्टी, केक ठेवायची फिरती थाळी... सगळं पाटावर! हळद, कुंकू, झेंडू! लाटण्याला तर हार घातलेला, जसं काही लाटणं निवडून आलंय! आणि मला दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला केक पोचवायचा! म्हटलं, "अगं हेमा, हे माझं सामान!" तर म्हणते, "म्हणूनच मांडलं. वर्षभर ज्याच्यावर पोट भरतं, त्याला एक दिवस आराम नको? उद्या सोनं लुटून झालं की घ्या." बरोबरच आहे हो तिचं. आईच्या माघारी घरातले सगळे सणवार तिनंच धरून ठेवलेत. तक्रार नाही हं माझी! उपकारच आहेत.

तुम्हाला सांगतो, डोंबिवलीत माझं केकच्या सामानाचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. साचे, रंग, एसेन्स आणि तो फाँडंट! फाँडंट म्हणजे साखरेची मळलेली कणीक समजा. लाटायची आणि केकला शालीसारखी पांघरायची. कुठल्या क्लासला गेलो नाही, गिऱ्हाइकांचं रडगाणं ऐकून ऐकून शिकलो. एक येते, "काका, चिकटतोय." कॉर्नफ्लॉवर लाव! दुसरी येते, "काका, फुटतोय." तूप चोळ, आणि पंखा बंद कर, बाई! सल्ला फुकट, सामानावर कमाई. पण स्वतः केक? एकही नाही केलेला! दुकानातली ती सुरी न् लाटणं फक्त गिऱ्हाइकाला धरून दाखवायला, या केकपायी पहिल्यांदाच घरी आणलेली!

मग या वयात हे झेंगट कशाला? लक्ष्मीआईसाठी हो! नोकरी सुटली होती माझी, तेव्हाची गोष्ट. दुकान कुणी देईना. शेजारच्या कोपर गावात परशुरामभाऊ म्हणाले, "बसा आमच्या ओटीवर, कोन काय बोलतंय बघतो." बसलो, बिस्किटांचे पुडे आणि केकचे चार साचे घेऊन. दुपार झाली की त्यांची आई, हीच लक्ष्मीआई, बाहेर यायची, हातात ताटली. तांदळाची भाकरी, वर सुक्या बोंबलांची चटणी. "जेवलास का बाला?" हो म्हटलं तरी ताटली, नाही म्हटलं तरी ताटली! दोन वर्षं, एक दिवस खाडा नाही. त्या भाकरीचे आभार मी कधी मानलेच नाहीत. तिथं "थँक्यू" म्हणालो असतो तर बाईनं भाकरी परत नेली असती.

तर या वर्षी भाऊंनी ठरवलं, आईची पंचाहत्तरी करायची. जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, दसऱ्याला जन्मली एवढंच ठाऊक. भाऊ म्हणाले, "शेठ, चांगला केकवाला बघा." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं... "मी करतो! मिठाची रास करतो!" आईचं तरुणपण मिठागरावर गेलेलं ना, टोपल्या वाहण्यात. पांढरीशुभ्र, वर टोक... फाँडंटला याच्याहून सोपा आकार कुठला? असं वाटलं हो. वाटायला काय जातंय!

आणि अवजारं पाटावर! स्वयंपाकघरातली विळी-लाटणंसुद्धा, आणि दुकानाच्या किल्ल्याही! आता करता काय? स्पंजाचे थर कापले झेंडूचे हार ओवायच्या दोऱ्यानं. फाँडंट लाटला लोणच्याच्या बरणीनं. आणि गुळगुळीत करायला? पॅन कार्ड! प्लास्टिकमध्ये गुंडाळून! इतक्या वर्षांत त्या कार्डानं माझं पहिल्यांदा काही भलं केलं. तीन तास घासतोय, घासतोय... ऑक्टोबरचा उकाडा, घामाची धार केकवर पडेल म्हणून पंखा लावला पाचावर... हसलात ना? हसा! मला तेव्हा नाही आलं लक्षात! बघता बघता रास वाळली, आणि टोकापासून पायथ्यापर्यंत भेगा! उन्हाळ्यातलं शेत!

ठाकुर्लीच्या कल्पिताला फोन केला. माझं जुनं गिऱ्हाईक, घरी केक करते. म्हटलं, "कल्पिता, फाँडंट फुटला गं!" पलीकडून अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच ठेक्यात, "तूप चोळा... आणि पंखा बंद करा, बाई!" मग पाच मिनिटं नुसती हसतेय! पण दसऱ्याच्या सकाळी पोरगी स्वतःच्या चार ऑर्डरी सोडून आली. बघितलं न् म्हणाली, "काका, आता चोळून नाही मिटणार. असाच न्या." तक्रार नाही हं माझी! आली हेच उपकार.

गेलो. रिक्षाला झेंडूची तोरणं, मांडीवर केक, आणि प्रत्येक खड्ड्याला एक नवी भेग. रिक्षावाला मागं बघून विचारतो, "काय आहे काका, वारूळ?" वारूळ! जिनं दोन वर्षं जेवू घातलं, तिला पंचाहत्तरीला वारूळ! वाटलं, रिक्षा वळवावी, एखाद्या मिठाईच्या दुकानातनं पेढे उचलावेत... पण तेवढ्यात ओटी आली.

पन्नास माणसं! झाकण काढलं. कुणीतरी नातू म्हणाला, "हे काय तुटलंय?" मी मान खाली. म्हटलं, "आई, मिठाची रास करायची होती. जमली नाही. खूप घासली, गुळगुळीत झालीच नाही."

लक्ष्मीआई पुढं आली, वाकली, डोळे बारीक केले.

"गुलगुलीत? मीठ कदी गुलगुलीत असतं काय रं? मीठ खरखरीत असतं! साखर हान रं कोनीतरी!"

सुनेनं डबा आणला. आईनं मुठीमुठीनं साखर टाकली, आणि दोन्ही तळवे पाण्यात बुडवून थापटायला लागली. खालनं वर, खालनं वर... काय हात होते ते! पन्नास वर्षं मिठाला लागले नव्हते, पण विसरले नव्हते. भेगांत साखर बसली, दाणे चमकायला लागले... आणि तुम्हाला सांगतो, ओटीवर मिठाची रास उभी राहिली! परशुरामभाऊ एवढा आडमाप माणूस, भिंतीकडं तोंड करून उभे!

कुणीतरी सुरी आणली. आई म्हणाली, "मीठ सुरीनं कापतान?" सरळ हात घातला, मूठभर केक काढला, आणि पहिला घास कुणाला? माझ्यापुढं मूठ!

"जेवलास का बाला?"

तोंड उघडलं न् खाल्ला. आभार मानायला गेलो होतो, पुन्हा खाऊनच आलो! उपकार फिटायचे सोडून चढले!

आणि इथं संपलं असतं तर ठीक होतं. पण नातवानं फोटो पाठवले सगळीकडं. आता दुकानात रोज बायका येतात. अकरा वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, फाँडंट फुटू नये म्हणून काय करायचं, आणि या विचारतात, "काका, तुमच्या केकसारख्या सुंदर भेगा पाडायला काय करायचं?" तक्रार नाही हं माझी! सामान खपतंय. मी आपला शांतपणे सांगतो, "सोपं आहे, बाई. पंखा पाचावर ठेवा, आणि अवजारं सगळी आदल्या दिवशी पूजेला मांडा."