माझी पहिली भाषा ठरेपर्यंत

"तिला सोपी एखादी द्या रे, म्हणजे नाहीच जमली तर वाईट वाटायला नको..." हे आमचे सासरे बोलले, आणि ते माझ्या कानांसाठी नव्हतं. मी दाराआड वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि आत तिघं मिळून ठरवत होते, की सूनबाईंनी प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कुठली शिकावी! तुम्हाला सांगते, मला पसंत करायला या घराला दोन भेटी पुरल्या, आणि भाषा पसंत करायला सहा आठवडे. वर सगळ्यांचं एकच पालुपद... घाई काय आहे?

घाई काय होती ते ऐका. लग्नाआधी मी एका शाळेच्या ऑफिसात होते. बावीस वर्ग, एकतीस शिक्षक, सगळं वेळापत्रक मी कागदावर जुळवायचे, खोडरबर झिजून बोटं घासेपर्यंत, पण गणिताच्या बाई एकाच तासाला दोन वर्गांत कधी सापडल्या नाहीत! लग्न झालं, गाव सुटलं, नोकरी सुटली. आणि इथे सापडली कोण, तर शाळांची वेळापत्रकंच कॉम्प्युटरवर करून देणारी कंपनी. सहा आठवड्यांनी तिथल्या नोकरीची परीक्षा, शनिवारी तीनला, घरी बसून द्यायची, मोबाइलवर चालणार नाही, भाषा कुठलीही चालेल. हे सगळं मी जेवताना सांगितलं. त्यातला 'भाषा' एवढाच शब्द पोचला, बाकीचं ताटाभोवतीच सांडलं.

आमचे हे जावा भाषेवाले, ऑफिसात तीच. म्हणाले, पाया भक्कम हवा, घाई काय आहे? सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी ट्रेनिंगमध्ये सी शिकलेली, वही अजून कपाटात. सोपी द्या म्हणणारे तेच, तर म्हणे, "मला जमली म्हणजे सोपीच की ती." भावजी कॉलेजात, ते म्हणाले, "वहिनी, पायथन. डोळे मिटून." मग काय, ह्यांनी तक्ता मांडला... आडवे सतरा रकाने, नोकऱ्या किती, भविष्य काय, प्रत्येकाला गुण! आणि तक्ता कुठे, तर घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर. मला सक्त ताकीद, की ठरेपर्यंत हात लावायचा नाही, बोटांना एकदा चुकीचं वळण लागलं की आयुष्यभर जात नाही. बोटं माझी, हं. सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, "काय ते एकदा ठरवा, मला टेबल पुसायचंय." अख्ख्या घरात घाई म्हणून काय ती त्यांनाच.

मी आपली मोबाइलवर चोरून शिकत होते. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, ओट्याला टेकून, जी पहिली समोर आली ती भाषा. अडलं की वहीत लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं... सवय होतीच. चौथ्या आठवड्यात चहा द्यायला गेले तर तक्त्यात एक रकाना दोनदा मिळवलेला दिसला. ह्यांना हळूच सांगितलं. हे कप घेत म्हणाले, "अगं, सूत्र घातलंय त्यात, ते चुकत नाही." मी रिकामा ट्रे घेऊन आले.

मग तो शनिवार. अडीचला खोलीत गेले, म्हटलं मला कॉम्प्युटर हवाय, तीनला परीक्षा आहे. हे मान न वळवता म्हणाले, "पाचच मिनिटं, शेवटची फेरी चाललीय." पावणेतीनला गेले. पाच मिनिटं. तीनला गेले, तर सासऱ्यांनी वहीच उघडलेली, त्यातून वाचून दाखवत होते! सव्वातीनला परीक्षेचं दार बंद होणार होतं, ते झालं. तुम्ही म्हणाल, ओरडायचं नाही का? ओरडायला हवं होतं, कबूल... पण चार महिन्यांच्या सुनेला या घरात अजून आवाज फुटलेला नसतो, आणि फुटला तर पुढची चाळीस वर्षं तोच सांगितला जातो. मी चहा टाकला. तीन कप. उठले तिघं ते पावणेपाचला.

रविवारी सकाळी भावजींना तक्त्यातली चूक सापडली. केवढं कौतुक झालं! एक रकाना दोनदा मिळवला होता म्हणे, कुणाच्या लक्षातच कसं आलं नाही म्हणे... बेरीज नीट केली आणि निकाल लागला. मला आत बोलावून कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसवलं, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. हे म्हणाले, पायथन. भावजींनी टाळी वाजवली. सासऱ्यांनी वही मिटली आणि मायेने, खरंच मायेने, म्हणाले, "हं सूनबाई, आता घाई करायला हरकत नाही."

मी कीबोर्डभोवतीची धूळ पदराने पुसली आणि म्हटलं, "येते मला ती. परीक्षा काल तीनला झाली."