ताईंनी न उघडलेल्या मेल

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेच्या संचालक मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आवर्जून आलेले निवृत्त सहकारी, समोर बसलेले माझे सोबती, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आपल्या बाटलीताई,

पाहुण्यांचा गैरसमज नको. तपासणीसाठी येणाऱ्या पाण्याच्या बाटल्या ताई एकतीस वर्षं नोंदवून घेत आल्या, म्हणून हे नाव. चिठ्ठी अर्धवट असेल तर भल्याभल्यांना त्या दारातून परत पाठवत. म्हणत, "पाण्याला तोंड नसतं साहेब, कुठून आलं ते तुम्हीच लिहा."

त्यांच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी संगणक विभागाचा. बनावट मेल कशा ओळखाव्यात यावर दरवर्षी मी व्याख्यान देतो आणि तुम्ही जांभया देता. आज मात्र मला त्याच विषयातली एक गोष्ट सांगायची आहे. ताईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सांगा. फक्त लांबण लावू नका."

तीन वर्षांपूर्वी ताईंचा मुलगा गेला. एकुलता एक. दूरच्या शहरात नोकरीला होता. जेमतेम आठ दिवसांचं आजारपण. त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राने त्याचं सामान एका खोक्यात भरून कुरिअरने पाठवलं, संपर्कासाठी ताईंच्या ऑफिसच्या मेलचा पत्ता दिला आणि पावतीचा फोटो ताईंना धाडला. ताई खोक्याची वाट पाहू लागल्या.

पाचव्या दिवशी त्यांना मेल आली. वर नामांकित कुरिअर कंपनीचं चिन्ह. "प्रिय ग्राहक, आपले पार्सल अडकले आहे. चोवीस तासांत खात्री न केल्यास परत जाईल." ताईंनी लिंक दाबली, समोर आलेल्या पानावर ऑफिसचा पासवर्ड भरला. पाच-दहा मिनिटांत त्यांच्याच नावाने तसल्या मेल आमच्या साऱ्या ग्राहकांना जाऊ लागल्या.

त्या स्वतः माझ्याकडे आल्या. "साहेब, माझ्या हातून काहीतरी झालंय."

लगेच सांगितलं म्हणून निभावलं. मी त्यांचं खातं तात्पुरतं बंद केलं, पासवर्ड बदलला, ग्राहकांना फोन गेले. आणि मग मी काय केलं? भरल्या ऑफिसात त्यांना फैलावर घेतलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, ते दिसलं नाही का? तुमचं नाव तरी होतं का त्यात?

"नव्हतं," ताई म्हणाल्या. "ते दिसलं होतं मला. पण पार्सल म्हटलं ना त्यांनी."

तिथे तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "यापुढे पार्सलचं काहीही आलं तरी न उघडता उडवायचं. समजलं?"

"समजलं, साहेब."

दीड महिन्याने त्या मित्राचा फोन आला. खोकं मिळालं का? ताईंनी मला विचारलं. मी त्यांच्या उडवलेल्या मेल शोधल्या. तीन होत्या, एकाच कंपनीच्या. त्यात ताईंचं पूर्ण नाव होतं, पावतीचा क्रमांक होता. पत्ता अपुरा आहे, कृपया संपर्क साधा. तिन्ही खऱ्या होत्या. सांगितल्याप्रमाणे ताईंनी तिन्ही न उघडता उडवल्या होत्या.

पावतीवरच्या नंबरवर मी फोन लावला. खोकं परत गेलं होतं. मित्राने तोवर खोली सोडलेली. बेवारस मालाची नियमानुसार विल्हेवाट लावली, असं पलीकडची मुलगी अगदी सौजन्याने म्हणाली. ताई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "चष्मा होता त्यात. तोही गेला का?"

मी फोन ठेवला. त्या आपल्या जागेवर जाऊन बाटल्या नोंदवू लागल्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी माझ्या व्याख्यानात त्या आपणहून उठल्या. म्हणाल्या, "साहेब खोटं ओळखायला शिकवतात. खरंही ओळखायला शिका. मेलमधल्या लिंकवर जाऊ नका आणि घाबरून उडवूही नका. पावतीवरचा, पासबुकावरचा, आपल्याजवळचा नंबर काढा आणि स्वतः फोन करून विचारा. चुकलात तर लपवू नका. आणि कुणी चूक सांगायला आलं, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या." त्या दिवशी कुणी जांभई दिली नाही.

पावतीचा तो फोटो मी त्यांना फैलावर घेतलं त्या दिवशीही ताईंच्या फोनमध्ये होता. ओरडण्याऐवजी मी एक नंबर फिरवला असता, दोन मिनिटांचं काम होतं. इतकी वर्षं इतरांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही.

संचालक मॅडमनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मात्र मी एकट्या ताईंकडे मागतो. तेव्हा सगळ्यांदेखत बोललो होतो, म्हणून आज सगळ्यांदेखत मागतो आहे. ताई, ती तुम्ही दिलीच पाहिजे असं नाही.