सायबाची तकरीर, पाटलाचा तर्जुमा

[निजामाच्या अमलातलं, गेवराई तालुक्यातलं एक गाव. उंदीर पडू लागले होते, गाठीच्या तापानं माणसं जायला लागली होती. लोकांनी घरं सोडून रानात खोपी घालाव्यात म्हणून तहसीलदार स्वतः आले, उर्दूत लांबलचक तकरीर करून गेले. तिचा मराठीत तर्जुमा केला तो सुंदरराव पाटलांनी. चारचौघांत उभं राहून बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. निम्मं का होईना, भाषण आपलंच, असं त्यांना वाटत होतं. सभा उठली तसे ते रानातल्या आपल्या खोपीवर आले. थोरली बहीण तुळजाबाई तिथं हुलगे निवडत बसली होती. तीही सभेला होती. कौतुक ऐकायला सुंदरराव बाजेवर ऐसपैस टेकले.]

सुंदरराव : ते ऱ्हाऊ दे अक्का. टाळ्या पडल्या का न्हाई, तेवढं सांग.

तुळजाबाई : पडल्या की. मला तर वाटलं आरतीच लागली.

सुंदरराव : चेष्टा नको. तकरीर कशी झाली? गुण काय, दोष काय, सरळ सांग. जाताना सायबांनीबी मला हेच इचारलं.

तुळजाबाई : मग तू काय म्हणलास?

सुंदरराव : म्हणलं, हुजूर, सुभानल्ला!

तुळजाबाई : मग झालं की. हुजुरांनी इचारलं, पाटलानं वाखाणलं, काम फत्ते. आता हुलग्यातले खडे काढणाऱ्या बाईला कावून इचारतूस?

सुंदरराव : तू तोंडदेखलं बोलत न्हाईस म्हणून.

तुळजाबाई : बरं तर. खडे काढायचेच हायत, तर ऐक. गावात माणसं मराया लागलीत, अन् सायेब काय, तर आधी आलाहजरत निजामांची तारीफ. मग सुभेदारांची, मग तालुकदारांची. पायरी पायरीनं तारीफ खाली उतरतीया, उतरतीया, अन् इकडं ऊन डोक्यावर चढतंय. मला वाटलं, आता सायेब आपल्या घोड्याचीबी तारीफ करतो का काय!

सुंदरराव : रिवाज असतो तो. बड्या लोकांची नावं आधी घ्यावी लागत्यात.

तुळजाबाई : दुसऱ्याच्या गावात बोलाया आलेल्या माणसानं आधी मेलेल्याचं नाव घ्यावं, मग सरकारचं. रामकिसनच्या दारातनं दोन तिरड्या निघाल्या. बायकू गेली, पोरगी गेली. त्यो तिथंच म्होरं बसला व्हता, मुंडकं खाली घालून. सायेब त्येच्याकडं बघून एक अक्षर तरी बोलला का?

सुंदरराव : न्हाई बोलले.

तुळजाबाई : बोलला काय, तर शेर. अन् तूबी शाना, तसाच्या तसा सांगितलास. म्हणं, ‘आता हुजूर एक शेर सोडणार हायत.’ सुग्रीव म्हातारा काठी घेऊन उठला की! म्हणतोय, कुठं हाय वाघ?

सुंदरराव : अगं, शेर म्हंजे कवितेच्या दोन ओळी. मी नंतर सांगितलं ना समजावून.

तुळजाबाई : सांगितलंस. तवर निम्मी माणसं वाघ बघाया पाराच्या मागं गेलती.

सुंदरराव : अन् किड्यांचं? ते तर मी लई सोपं करून सांगितलं. ‘उंदराच्या अंगावरच्या पिसवांत डोळ्याला न दिसणारे किडे असत्यात...’

तुळजाबाई : सोपंच केलंस. शेजारी छबुबाई मला म्हणली, दिसत न्हाईत तर सायबाला कसे घावले?

सुंदरराव : तू नुस्ते दोषच काढतीस. एकबी गुण न्हाई?

तुळजाबाई : हाय की. संपली, ह्यो मोठा गुण. आता खरं सांगू? शेवट मातर झकास झाला. ‘बिनघोर रानात ऱ्हावा, तुमच्या घरांवर सरकारचे शिपाई पहारा देतील, काडीला कुणाचा हात लागू देणार न्हाईत.’ ह्यावर टाळ्या पडल्या. उंबरा सोडणार न्हाई म्हणून हटून बसलेली वच्छलाबाई, तीबी उठून गाठोडं बांधाया गेली.

सुंदरराव : बघ! म्हंजे आवडलं ना?

तुळजाबाई : आवडलं. फकस्त एक कोडं पडलंय. येवढं गोड बोलताना सायेब टेबलावर छडी कावून आपटत व्हता?

सुंदरराव : जोशात व्हते.

तुळजाबाई : अन् डोळे वटारलेते ते?

सुंदरराव : जोश म्हणलं की डोळेबी येत्यात त्यात.

तुळजाबाई : अन् तू कावून धोतराच्या काठाकडं बघत व्हतास? ल्हानपणी गुळाला मुंग्या लागल्या म्हणून आईला सांगायचास, अन् तोंडाला गूळ असायचा, तसा.

सुंदरराव : अक्का, जरा पाणी दे बरं.

तुळजाबाई : देते. आधी सायेब काय म्हणला ते सांग.

सुंदरराव : म्हणले, शिपाई येतील.

तुळजाबाई : येऊन?

सुंदरराव : येऊन... बाजाराच्या दिवसापत्तुर जो घर सोडणार न्हाई, त्याला ओढून काढतील. छपरं उचकटतील. अन् वर जुर्माना.

तुळजाबाई : बया बया! वढून काढाया येणारे शिपाई तू पहाऱ्याला बशिवलेस?

सुंदरराव : शिपाई दोन्हीकडं हायतच की. तर्जुमा करताना थोडं इकडंतिकडं व्हतंच.

तुळजाबाई : थोडं? सासू म्हणली ‘चालती हो’, अन् तू सुनेला सांगितलंस, ‘बस गं बाई, जेवूनच जा’!

सुंदरराव : मग काय करायचं व्हतं? उंदीर पडल्यापासनं मी दारोदार फिरलो. एक माणूस हललं न्हाई. मरायला समदे भितात, पण इचारतात काय, तर पाटील, घर उघडं टाकून गेलो तर राखंल कोण? सायबांच्या तकरीरीत हैदराबादेपासून दिल्लीपत्तुर समदं व्हतं, एवढ्याच सवालाचा जवाब नव्हता. अन् वर धमकी. आपली माणसं तुला ठावं हायत. ओढून काढू म्हणलं की आतनं कडी घालतील. मग यम आला तरी उघडायचे न्हाईत.

तुळजाबाई : ते मला नगं सांगू. मागल्या साथीत तुझ्या दाजींनी तेच केलं. शिरस्तेदार दरडावून गेला, अन् ह्येंनी कडी घातली. म्हणले, बापजाद्याचं घर चोराच्या हवाली करून जाऊ व्हय?

सुंदरराव : त्या वक्ती मी आलतो ना. दाराभाईर बसून लई समजावलं त्येंना. समदं खरं खरं सांगितलं.

तुळजाबाई : व्हय. खरंच सांगितलंस.

सुंदरराव : मग?

तुळजाबाई : कुणीतरी असं खोटं सांगाया पायजे व्हतं त्येंना.

सुंदरराव : अक्का...

तुळजाबाई : बास. पाणी पी. अन् आता म्होरलं बोल. तुझ्या तोंडातनं निघालेले शिपाई वेशीवर कवा पोचत्यात? का तेबी वाघ बघाया गेलेत?

सुंदरराव : मीच बसंन पहाऱ्याला.

तुळजाबाई : मोकळ्या गावात? मेलेल्या उंदरांत? वा रं माझ्या पाटला! समद्या गावाला भाईर काढायचं अन् आपण आत जाऊन मरायचं. ह्यो तुझ्या तकरीरीचा सगळ्यात मोठा दोष लिहून ठेव.

सुंदरराव : ह्याच्याहून मोठा एक हाय.

तुळजाबाई : अजून हाय? मग हुलगे बाजूला ठेवते.

सुंदरराव : सायबांना मराठीचं अक्षर कळत न्हाई. त्येंना वाटलं, टाळ्या धमकीवर पडल्या. घोड्यावर बसताना मला म्हणले, बघितलंस सुंदरराव? रयतेला दराऱ्याचीच भाषा कळती. ओढून काढू म्हणलं तर कशी खूश झाली! उद्या तलवाड्याला शेर कमी करतो अन् धमकी दुप्पट. तर्जुम्याला तूच चल.

तुळजाबाई : म्हंजे आजच्या सभेत एकच माणूस काय तरी शिकला, त्यो सायेब. अन् शिकला तेबी उलटं.

धर्मराज : राम राम पाटील. राम राम अक्का. येऊ का?

तुळजाबाई : ये धर्मराज. वच्छलाबाई आल्या म्हणं रानात?

धर्मराज : आली की आई. इतके दिस पाया पडलो, रडलो, हलंना. आज सभेतनं उठली, गाठोडं बांधलं अन् माझ्याच म्होरं चालाया लागली.

सुंदरराव : ऐकलंस अक्का?

धर्मराज : पाटील, एक अर्जी व्हती. शिपायांसाठी आईचा निरोप हाय.

तुळजाबाई : सांग, सांग. शिपायांचे जमादार हेच हायत.

धर्मराज : म्हणली, तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावा म्हणावं. त्याल अन् वाती कोनाड्यात हायत.

तुळजाबाई : लावतील की. बंदूक भिताडाला टेकवतील अन् वाती वळत बसतील.

धर्मराज : बायनाबाई म्हणती, तुळशीला पाणी घाला. सुग्रीवनानाचं मांजर घरीच ऱ्हायलंय, त्येला दूध...

तुळजाबाई : अन् सडा? रांगुळी?

धर्मराज : ते छबुबाई येऊन सांगणार हाय.

सुंदरराव : धर्मराज, थांब. शिपाई येणार न्हाईत.

तुळजाबाई : सुंदर!

सुंदरराव : न्हाई अक्का, ह्येच्या तोंडावर न्हाई निभत मला. सायेब तसं म्हणलेच न्हाईत, धर्मराज. ते म्हणले, ओढून काढू. पहाऱ्याचं समदं माझ्या पदरचं. खोटं बोललो मी. शिवी घालायची तर घाल, पण आईला माघारी गावात नेऊ नको.

धर्मराज : बसा पाटील. ठावं हाय मला.

सुंदरराव : काय ठावं हाय?

धर्मराज : ह्येच. आईनं सभेतच वळखलं. उर्दू तिला कुठली येती? पर म्हणली, सायबाचं तोंड मिरचीवानी अन् पाटलाचं बोलणं गुळावानी. ह्ये एका ताटातलं न्हाई.

सुंदरराव : मग उठली कशी?

धर्मराज : म्या तेच इचारलं. तर म्हणली, ह्या पाटलाला खोटं बोलता येत न्हाई. बापालाबी येत नव्हतं. अन् त्यो आज सायबाच्या शेजारी हुभा ऱ्हाऊन, सायबाच्याच तोंडावर खोटं बोलतोय. घामानं सदरा भिजलाय, तरी बोलतोय. म्हंजे गोष्ट साधी न्हाई. ऊठ म्हणली, गाठोडं बांध.

तुळजाबाई : घे. गुण इचारत व्हतास न्हवं तुझ्या तकरीरीचा? घाम.

सुंदरराव : मग ह्ये निरोप कशाला? दिवा, तुळस, मांजर?

धर्मराज : बाकीच्यांना खरंच वाटतंय, पाटील. आईनं कुणाला सांगितलं न्हाई. आपला एकटीचा निरोप न्हाई गेला तर लोक इचारतील, म्हणून तिनंबी दिवा सांगितला.

तुळजाबाई : ही बाई तहसीलदार पायजे व्हती.

धर्मराज : अन् पहाऱ्याचं म्हणाल, तर मी अन् रामकिसन वेशीभाईर बसतो. आत कुणी जायचं न्हाई, तुमीबी न्हाई. बाकी तटबंदी हाय, चोराला वेशीतनंच यावं लागंल.

सुंदरराव : रामकिसन? अरे, त्याच्यावर आभाळ कोसळलंय. त्याला कशाला सांगितलंस?

धर्मराज : म्या न्हाई सांगितलं. त्योच म्हणला. म्हणला, माझ्या घरात राखाया काय ऱ्हायलं न्हाई, दुसऱ्याची राखतो.

तुळजाबाई : दोघांची भाकर हितनं येईल म्हणावं त्येला. वाट बघू नगा, मी धाडीन.

सुंदरराव : अन् ते मांजर?

धर्मराज : ते येतंय आपल्या पायानं रानात. त्येला तकरीर लागत न्हाई.

सुंदरराव : मग इथलं तरी निभलं म्हणायचं. उद्या तलवाड्याला काय मी जात न्हाई. ताप आलाय म्हणून सांगावा धाडतो.

तुळजाबाई : धाड. साथीच्या गावातला पाटील, त्येला ताप! मग सायेब तलवाड्यालाच काय, तालुक्यात थांबायचा न्हाई.

सुंदरराव : मग काय करू? तिथं वेशीवर कोण बसंल, मला ठावं न्हाई. परक्या गावाला कुणाच्या जिवावर शब्द देऊ?

तुळजाबाई : मग नगं देऊ. खरा तर्जुमा कर. छपरं उचकटू म्हण. अन् घराघराच्या कड्या वाजत्यात त्या ऐकत माघारी ये.

धर्मराज : पाटील, तलवाड्याला माझी बारकी बहीण दिलीया.

सुंदरराव : ठावं हाय रे. तिच्या लग्नाला आलतो मी.

धर्मराज : आता दोन लेकरं हायत पदरात. तिकडंबी उंदीर पडाया लागलेत. सासरा लई हेकट हाय, जीव गेला तरी घर सोडायचा न्हाई. मी सकाळी तुमच्या म्होरं जातो, वेशीवर कोण बसतंय ते तिच्या नवऱ्याला सांगून ठरवतो.

सुंदरराव : अन् मी?

धर्मराज : तुमी तिथंबी खोटंच बोला.

तुळजाबाई : अन् जरा जोरानं बोल, सुंदर. बाया लांब बसत्यात.